चोविसावा दोर

गेनूतात्या पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, खुर्ची मागितली नाही की कामही सांगितलं नाही. माझ्यासमोर पडलेल्या फायलीची नाडी त्यांनी सोडली आणि स्वतःच्या हातानं पुन्हा बांधली. मग बसले आणि म्हणाले, "आता बोला."

मी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होतो. आपत्तीचं टेबल माझ्याकडं. म्हणजे पूर आला, वीज पडली, उसाला आग लागली, कुणी कालव्यात गेलं, की कागद रंगवायचे ते मी. वीस वर्षं ज्या गाठी मारत आलो त्यांना नावं ठेवणारा हा कोण टिकोजीराव, म्हणून मी रागानं फाईल ओढली. गाठ ढिम्म हलली नाही. तात्यांनी नाडीचं एक टोक चिमटीत धरून नुसतं ओढलं आणि ती सरळ सुटून आली.

"मारताना घट, सोडताना सोपी. तिला गाठ म्हणायचं भाऊसायेब. तुमची म्हंजी गुंता हाय."

आता तात्या जाऊन वर्ष होत आलं. मीही सेवानिवृत्त होऊन घरी बसलो. पण आजही भाजीची पिशवी बांधताना हात अडखळतो, आणि गाठ सोडून मी परत बांधतो.

तात्या मूळचे पाटकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या चारीला किती वेळ सोडायचं, गेट कधी वर घ्यायचं, कधी खाली, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. बारामतीहून इंदापूरकडं येताना सणसरच्या अल्याडपल्याड कालव्याचा जो टप्पा लागतो, त्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. नोकरी संपली, पण त्यांचं काठावरनं चालणं संपलं नाही. सकाळी न्याहारी झाली की डोक्याला टोपी, पायात टायरच्या चपला आणि खांद्यावर टॉवेल, असे ते निघत. उंची बेताची, अंगानं काटक, आणि हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे मोठे. चष्म्याची एक काडी मोडली होती. तिच्या जागी सुतळी होती. अर्थातच तीही व्यवस्थित गाठ मारलेली.

गाठींचा त्यांना नाद होता म्हणा की आजार म्हणा. दुसऱ्यानं मारलेली गाठ दिसली की ती सोडून परत बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गाठ कुणाची आहे हे ते बघत नसत. आमच्या शिपायाच्या डब्याची बांधणी, मंडपाचे दोर, त्यांच्या शेजारच्या भाजीवाल्या विमलबाईंच्या मेथीच्या जुड्या, काही सुटत नव्हतं. पुतण्याच्या लग्नात तर भटजींनी नवरा-नवरीच्या उपरण्या-शेल्याची गाठ मारली, तीही तात्यांनी भर मांडवात सोडली आणि नव्यानं मारली. भटजी बघतच राहिले. त्या जोडप्याचं आजवर बरं चाललं आहे, आणि त्याचं सगळं श्रेय तात्या बिनदिक्कत स्वतःकडं घेत.

पण त्यांचा खरा संसार कालव्यावर होता. त्या टप्प्यात कालव्याला आतून सिमेंटचं अस्तर आहे. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातनं पाण्याची पाळी आली, की पाणी काठोकाठ आणि ओढ अशी की म्हैस उभी राहायची नाही. अस्तराला शेवाळ. पट्टीचा पोहणारा काठाला येतो, हात लावतो आणि घसरतो. परत येतो, परत घसरतो. पोहायला येत नाही म्हणून माणसं जात नाहीत, धरायला काही मिळत नाही म्हणून जातात. हे तात्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षातच ओळखलं होतं.

त्याच सुमारास एक शाळामास्तर सायकलसकट कालव्यात गेले. तात्यांनी गेटाच्या साखळीला बांधलेला दोर टाकून त्यांना ओढून काढलं. चार दिवसांनी मास्तर पेढे, शाल आणि नारळ घेऊन दारात हजर. आपल्याकडं सत्काराशिवाय काही संपतच नाही. तात्यांनी पेढे वाटून टाकले आणि शाल घडी घालून परत दिली.

"शाल पांघरून मी कुणाला काढू? दोर आणा एक. जिथं पडला तितंच बांधू. फुडं पडणाऱ्याला कामाला यील."

मास्तरांनी दोर आणला, तात्यांनी तो काठावरच्या करंजाला बांधला, आणि तिथून रीत पडली. जो वाचला त्यानं नवा दोर आणायचा, आणि ज्यानं वाचवलं त्यानं तो बांधायचा. दोराच्या टोकाला हवा भरलेली ट्यूब. दोर टांगायचा तो दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. वाचवणारे नेहमी तात्याच असत असं नाही, पण बांधलेली गाठ नंतर तात्या येऊन सोडत आणि परत मारत, ते सांगायला नको. करता करता त्या टप्प्यावर बावीस दोर झाले. प्रत्येकाला नाव. हा मास्तरचा दोर, हा सोनाराचा, हा वरकुट्याच्या जावयाचा. तात्यांनी वही कधी ठेवली नाही. काठावरनं चालत गेलं की कोण कुठं पडलं आणि कसं निघालं ते सगळं झाडांवर टांगलेलं होतं.

दर सोमवारी तपासणी. प्रत्येक दोराला दोन्ही हातांनी धरायचं, पाय उचलायचे आणि लोंबकळायचं. सत्तरीतला माणूस, धोतर सावरत, एकेका झाडाला टोपीसकट लटकलेला. नवखा मोटारसायकलवाला बघून थांबायचा आणि घाबरून विचारायचा, "आजोबा, काय करताय?" तात्या लटकलेल्या अवस्थेतच सांगायचे, "सोमवार हाय."

त्यामुळं लोंबकळणं हीच त्यांची सगळ्या जगाची परीक्षा झाली होती. कुणी पोरीसाठी स्थळ आणलं की विचारायचे, "पोराला लोंबकळून बघितलं का?" कुणी पुढाऱ्यानं रस्त्याचं आश्वासन दिलं तरी तेच. बायकोनं केलेल्या भाकरीला मात्र त्यांनी कधी तसं म्हटलं नाही. एवढं शहाणपण होतं.

दोर दुसऱ्या कामाला न्यायचा नाही हा कायदा, आणि तो कुणालाही माफ नव्हता. एकदा गावच्या सरपंचांच्या गड्यानं सोनाराचा दोर सोडून नेला आणि त्याला म्हैस बांधली. तात्या गोठ्यात गेले, म्हैस सोडली, दोर गुंडाळला आणि चालू लागले. म्हैस दिवसभर गावभर हिंडली, दोघांच्या दारातली तुळस खाऊन संध्याकाळी कुणाच्या तरी वांग्यात सापडली. सरपंच तणतणत आले.

"तात्या, जनावर गेलं असतं म्हंजी?"

"म्हस वरडती, सापडती. बुडणारा माणूस वरडत बी न्हाय, सरपंच. त्याच्या तोंडात पाणी असतंय."

सरपंच आले तसे परत गेले. त्यांचा स्वतःचा चुलतभाऊ 'वरकुट्याच्या जावयाच्या' दोरानं निघाला होता.

माझी आणि तात्यांची खरी गट्टी जमली ती मॉक ड्रिलमुळं. वरून आदेश आला की कालव्यावर बचावाची रंगीत तालीम घ्या, पाहुणे येतील. मी गोणपाटाचा माणूस शिवून घेतला, आत उसाचं पाचट भरलं, माझाच जुना चौकड्याचा शर्ट त्याला घातला. ठरलं असं की पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, की शिट्टी वाजवायची आणि बाहुला पाण्यात टाकायचा. मग तात्या आणि काठावरच्या लोकांनी त्याला वाचवायचं.

पाहुण्यांना उशीर झाला. आमच्या शिपायानं बाहुला काठावर टेकवून ठेवला होता, तो वाऱ्यानं कलंडला आणि पाण्यात गेला. बस्स. मी 'अहो थांबा' म्हणेपर्यंत तीन दोर पाण्यात पडले होते, विमलबाई डोक्यावरचं भाजीचं टोपलं टाकून धावत आल्या होत्या आणि बाहुला काठावर पालथा निजवून त्याच्या पोटातलं पाणी काढणं चाललं होतं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. त्यानंतर पाऊण तासानं पाहुणे आले.

"तात्या, त्याला परत एकदा पाण्यात टाकू या," मी हात जोडले.

"न्हाय."

"अहो, पाचटाचा आहे तो."

"कशाचा का असंना. एकदा भाईर काढलेल्याला आमी परत पाण्यात टाकत न्हाय. पाव्हण्यांना सांगा, माणूस वाचला. बघून जावा म्हणावं."

आणि खरोखरच पाहुण्यांना ते बघून जावं लागलं. माझा चौकड्याचा शर्ट घातलेला ओला बाहुला खुर्चीवर बसलेला, विमलबाईंनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकलेला. पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांपैकी एक कुणीतरी त्याच्याच गळ्यात घातला होता. भले ते पाहुणे, पोट धरून हसले. मी मात्र घामानं भिजलो होतो.

एवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या टेबलापाशी आले, फायलीची नाडी सोडून बांधली आणि म्हणाले, "कचेरीचा माणूस वाचला. कचेरीनं दोर आणाया पायजे."

मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटी रविवारी बारामतीच्या बाजारात जाऊन मी अंगठ्याएवढा जाड, पिवळा दोर घेतला आणि विमलबाईंच्या मळ्याजवळच्या बाभळीला तो बांधला गेला. त्याचं नाव 'कचेरीच्या बाहुल्याचा दोर'. तो तेविसावा. कालव्यावरनं जाताना तो दिसला की मला उगीचच बरं वाटायचं. मी आयुष्यात केलेल्या सरकारी कामांपैकी डोळ्यांनी दिसणारं तेवढं एकच होतं.

आणि मग तो मसुदा आला.

आपत्तीच्या वेळी धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आणि विभागवार आपत्ती व्यवस्थापनासाठी नवा कायदा करायचं घाटत होतं. कायदा होण्याआधी मसुदा लोकांसमोर ठेवायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची. आमच्या अनुभवानं अशा सुनावणीला दोन माणसं येतात, त्यातलं एक रेशनकार्डाचं विचारायला आलेलं असतं. म्हणून मी सूचना फलकावर कागद लावला आणि विसरून गेलो.

तात्या विसरले नाहीत. त्यांनी मसुद्याची झेरॉक्स नेली आणि सुतळीचा चष्मा लावून पारावर बसून अक्षर न् अक्षर वाचली. आठ दिवसांनी आले.

"कायदा चांगला हाय भाऊसायेब. विमा देत्यात, शिकवणी देत्यात, धावून जाणाऱ्यावर उलट केस हुणार न्हाय म्हणत्यात. असा कायदा पायजेच. पर ह्या कलमाला कुणी लोंबकळून बघितलंय का?"

त्यांनी मोठ्या बोटानं दाखवलेलं कलम मी वाचलं. बचावाचं सगळं साहित्य, दोर, ट्यूब, शिड्या, तालुक्याच्या ठिकाणी एका भांडारात कुलूपबंद ठेवायचं. प्रसंग आला की नोंदणी झालेल्या स्वयंसेवकानं सही करून न्यायचं. गावात विखुरलेलं साहित्य जमा करून घ्यायचं.

"म्हंजी माझं तेवीस दोर तुमच्या कपाटात," तात्या म्हणाले. "बुडणाऱ्यानं किल्ली हुडकायची व्हय?"

मी कारकुनी उत्तर दिलं. साहित्य चोरीला जातं, उन्हात खराब होतं, हिशोब लागत नाही. तात्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. जाताना मात्र माझ्या फायलीच्या नाडीला त्यांनी हात लावला नाही, तेव्हा मला कळलं की माणूस खरंच काळजीत आहे.

पुढचा महिनाभर ते पुलापुलावर जाऊन तो कागद वाचून दाखवत होते. लोक म्हणत, तात्या, तुमी नका घोर करू, हितं कोण येतंय दोर न्यायला. तात्या म्हणत, "आमी हाय तवर कुणी न्हेणार न्हाय. आमी गेल्यावर कागद बोलतोय." चाळीस वर्षांचं काम एका कलमानं कपाटात जाणार, ही गोष्ट त्यांना झोपू देत नव्हती असं तात्यांच्या पत्नी, काकू, सांगायच्या. मला वाईट वाटायचं. पण माझ्या हातात काय होतं? मी सूचना पुढं पाठवणारा.

सुनावणीला पुण्याहून एक मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण तयारीच्या. ऐकून घेणाऱ्या होत्या. तात्या अकरा माणसं घेऊन आले. कडक धुतलेलं धोतर, काखेत एक कापडी पिशवी. विमलबाई शेवटच्या खुर्चीवर, बाजाराच्या दिवशी येतात तशाच घाईत.

तात्यांनी दोरांची सगळी हकीकत सांगितली. मॅडमनी लिहून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, अलीकडं या दोरांनी कुणी वाचलं आहे का? तुम्ही सांगितलेल्या घटना जुन्या आहेत. शेवटचा दोर तर, इथं लिहिलंय, बाहुल्याचा आहे. आता रस्त्याला कठडे झालेत, मोबाईल आलेत. चार-पाच वर्षांत कुणी पडलंच नसेल, तर साहित्य सुरक्षित ठेवलेलं काय वाईट?"

प्रश्न चुकीचा नव्हता. अकरा माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. विमलबाई मात्र छताच्या पंख्याकडं बघायला लागल्या, आणि हे मला विचित्र वाटलं. गावात कुणाच्या घरी दूध नासलं तरी ज्यांच्याकडनं बातमी कळायची, त्या विमलबाई गप्प.

तात्यांनी टोपी काढली. मी त्यांना बिनटोपीचं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. काखेतली पिशवी टेबलावर ठेवली आणि आतनं एक दोर काढला. कोरा, पांढरा, बाजारात गुंडाळून देतात तसाच.

"एक माणूस पडला हुता," ते म्हणाले. "गेल्या माघात."

"कोण? नाव सांगा."

"ज्ञानदेव. वय एकाहत्तर. पाटकरी. सेवानिवृत्त."

क्षणभर कुणाला कळेना. गेनूतात्यांचं कागदावरचं नाव कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मग अकरा जणांतला एक जण खुदकन हसला आणि सगळी मंडळी हसत सुटली. कालव्याचा राजा कालव्यात पडला होता. तात्या हसणं संपेपर्यंत थांबले.

"हसा. हसतील म्हणूनच लपिवलं मी. सोमवार हुता. काठच्या झुडपात प्लॅस्टिक गुतलं हुतं, ते काढाया वाकलो. पाय सरकला. मला पवाया येतंय, पन्नास वर्सं पवतोय. चारदा काठाला आलो, चारदा हात सुटला. मला कळून चुकलं, की आता काय आपण घरी जात न्हाय. तेवढ्यात वाहत बाभळीपशी आलो आन ह्या विमलनं दोर टाकला. कुठला दोर, तर त्यो कचेरीच्या बाहुल्याचा."

मी आणलेला दोर. बारामतीच्या बाजारातला, चडफडत घेतलेला.

"दुसऱ्या दिशी मी बारामतीला जाऊन ह्यो दोर आणला," तात्या सांगत होते. "पर बांधला असता तर लोकांनी इचारलं असतं, कुणाचा दोर? म्हणून आठ म्हयनं कणगीत लपिवला, जोंधळ्याच्या खाली. जगाला नियम लावला आन माझ्यावर आल्यावर मीच चुकारपणा केला. लाज वाटती सांगाया. पर मॅडम, तुमी इचारलं, अलीकडं कोण वाचलंय का. मी वाचलोय. तुमच्याम्होरं उभा हाय."

आता कुणी हसत नव्हतं. मी फायलीत तोंड घातलं.

मॅडम विमलबाईंकडं वळल्या. "तुम्हाला दोर मिळायला किती वेळ लागला?"

विमलबाई उभ्या राहिल्या. "भाकरी उलटाया लागतो तेवढा. हाताशीच हुता की."

"आणि तो तालुक्याला कुलपात असता तर?"

"मग मी किल्ली आणाया एसटीची वाट बघत बसले असते, आन तात्या फुडल्या गेटात जाऊन बसले असते."

"तुमची नोंदणी आहे? प्रशिक्षण?"

"मला मेथीच्या जुड्या बांधाया येत्यात," विमलबाई म्हणाल्या. मॅडम पहिल्यांदाच हसल्या आणि मग बराच वेळ लिहीत राहिल्या.

बाहेर आल्यावर मी विमलबाईंना विचारलं, "आठ महिने पोटात कसं ठेवलंत हो?" त्या म्हणाल्या, "तात्यांनी शपथ घातली हुती. लई जड गेलं, पर एक फायदा झाला. तवापास्नं माझ्या जुड्यांना त्यांनी हात लावला न्हाय." तेव्हा मला आठवलं, गेले काही महिने तात्या विमलबाईंच्या टोपल्यापाशी थांबत, हात पुढं करत आणि मागं घेत. मला वाटलं होतं, वय झालं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही सगळे कालव्यावर गेलो. तात्या पडले ती जागा विमलबाईंनी दाखवली. तिथं काठाला कडुलिंब आहे. रीतीप्रमाणं वाचलेल्यानं दोर आणला होता, आता वाचवणाऱ्यानं बांधायचा. तात्या टोपी हातात धरून बाजूला उभे राहिले. विमलबाईंनी दोर खोडाला दोन वेढे दिला आणि गाठ मारली, त्यांच्या पद्धतीची. जुडीला मारतात तशी डावीकडनं घेऊन.

सगळे तात्यांकडं बघत होते. आता हे गाठ सोडणार आणि परत मारणार, यात कुणाला शंका नव्हती. तात्या पुढं झाले, गाठीवर बोट ठेवलं. दोन्ही हातांनी दोर धरला, पाय उचलले आणि लोंबकळले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग उतरले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला, च्या घिऊ." गाठीला त्यांनी हात लावला नाही.

मसुद्याची सुधारलेली प्रत आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. जुन्या कचेरीतनं झेरॉक्स मागवली आणि सकाळच्या एसटीनं सणसरला निघालो. ते कलम बदललं होतं. बचावाचं साहित्य शक्यतो प्रत्यक्ष धोक्याच्या जागी, कुलूप न लावता, कुणाच्याही हाताला येईल असं ठेवावं. स्थानिक रीतीनं ठेवलेलं साहित्य जमा करू नये. आणि प्रसंगी नोंदणी नसलेल्या माणसानं ते वापरलं तरी त्याला कायद्याचं संरक्षण राहील. कायदा अजून व्हायचा आहे. सभागृहात जाईल तेव्हा जाईल. पण कागदावर तसं छापलेलं होतं.

तात्या कालव्यावरच भेटले. त्यांनी चष्म्याची सुतळी कानाला अडकवून ते कलम दोनदा वाचलं.

"ह्यो 'शक्यतो' कशाला घातलाय?"

"सरकारी कागद आहे तात्या. शक्यतो घालावंच लागतं."

"बरं. आपण आपलं न चुकता ठिवू, त्येंनी शक्यतो म्हणू दे." त्यांनी कागदाची घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, तिची गाठ सोडली, नीट मारली आणि परत दिली. "निवृत्त झाला तरी गुंता तसाच हाय की तुमचा."

परतीची एसटी आली. मी खिडकीपाशी बसलो. गाडी पुलावर चढली तेव्हा मागं बघितलं, तर कडुलिंबाला तात्या लोंबकळत होते. सोमवार होता. पाय खाली टेकले, गाठीवर एकदा हात फिरवला. ती विमलबाईंनी मारलेलीच होती, डावीकडनं घेतलेली, मघाशी मी जवळनं बघितली होती. तात्यांनी ती चाचपली, मान हलवली आणि पुढच्या झाडाकडं चालू लागले.